एच-इंडेक्स ४१ की १५ : रेणवीय जीवशास्त्रातील संशोधनाचा प्रभाव कसा ओळखावा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. निपाणीच्या आपल्या धाकट्या बहिणीने जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. पूर्ण केले आहे आणि पीएच.डी.साठी तिच्यासमोर दोन गाईड आहेत, दोघेही रेणवीय जीवशास्त्रातले, म्हणजे डीएनए, प्रथिने अशा पेशीतल्या रेणूंचा अभ्यास करणारे. सरांच्या नावावर २४० शोधनिबंध असून त्यांचा एच-इंडेक्स ४१ आहे. मॅडमच्या नावावर ३१ निबंध असून त्यांचा एच-इंडेक्स १५ आहे. वडिलांच्या मते ज्याचा आकडा मोठा तो शास्त्रज्ञ मोठा. बहिणीचा ओढा मॅडमकडे आहे, पण तो का, हे तिला नीट सांगता येत नाही. या दोघांपैकी खरा प्रभाव कोणाच्या संशोधनाचा आहे, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे.

उत्तराआधी मी कोण, हे सांगणे बरे. मी मूळची खानापूर तालुक्यातील. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढे बेळगाव आणि धारवाड येथे, आणि त्यानंतर एकतीस वर्षे वनस्पतींच्या जनुकांवर, मुख्यतः ऊस आणि पश्चिम घाटातील औषधी झाडे यांवर, काम केले. नऊ विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पीएच.डी. केली. निवड समित्यांवर बसून इतरांचे संशोधन तोलण्याची वेळही पुष्कळदा आली, आणि सुरुवातीची काही वर्षे मीसुद्धा आपल्या वडिलांप्रमाणे आकड्यांवर विसंबत असे. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला परके वाटत नाही. घरात कोणी संशोधनाच्या वाटेला गेलेले नसताना मुलीची पाच-सहा वर्षे कोणाच्या हाती सोपवायची, हे ठरवताना माणूस दिसेल त्या मोजमापाचा आधार घेणारच.

आपल्या प्रश्नात मला दोन प्रश्न एकत्र मिसळलेले दिसतात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्या विषयात काय घडवले, हा पहिला. त्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक नवी मुलगी संशोधक म्हणून घडेल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण त्याचे उत्तर कागदपत्रांतून बऱ्याच अंशी शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर बहिणीची फेलोशिप, घरची परिस्थिती आणि त्या दोन प्रयोगशाळांमधली माणसे यांवर अवलंबून आहे. त्याबद्दल शेवटी लिहीन.

आधी त्या आकड्याकडे पाहू. एच-इंडेक्स ४१ याचा अर्थ, त्या व्यक्तीचे किमान ४१ निबंध असे आहेत की त्यांपैकी प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किमान ४१ वेळा केला आहे. हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवले. त्याची घडणच अशी आहे की ते कधी खाली येत नाही आणि निबंधांच्या एकूण संख्येच्या वर जाऊ शकत नाही. ज्या मॅडमचे निबंधच ३१ आहेत त्यांचा एच-इंडेक्स, त्यांनी जगाला हलवून सोडले तरी, ३१ च्या पुढे जाणार नाही. शिवाय विषयाप्रमाणे हा आकडा बदलतो. मानवी कर्करोगावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात, तेथे एखाद्या मध्यम निबंधालाही शंभर सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख) सहज मिळतात. उसाच्या जनुकांवर काम करणाऱ्यांची संख्या तुलनेने फार थोडी, तेथे चाळीस सायटेशन म्हणजे बहुतेक सगळ्या संबंधितांनी दखल घेतली असे समजावे. वयाचाही फरक पडतो. आणि गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहांवरच्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो, कारण गूगल प्रबंध, परिषदांचे अहवाल असे बरेच काही मोजतो. म्हणून दोघांचे आकडे एकाच ठिकाणाहून घेतले आहेत का, एवढे तरी आधी पाहावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लेखकांच्या क्रमाची आहे आणि ती आमच्या क्षेत्राबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. रेणवीय जीवशास्त्रात निबंधावरचे पहिले नाव साधारणपणे ज्याने हाताने प्रयोग केले त्याचे असते, शेवटचे नाव ज्याच्या प्रयोगशाळेत आणि ज्याच्या कल्पनेतून काम झाले त्याचे असते, आणि मधली नावे मदत करणाऱ्यांची असतात. कोणी नमुने दिलेले असतात, कोणी एखादे उपकरण वापरू दिलेले असते. २४० निबंधांपैकी किती निबंधांवर सरांचे नाव शेवटी किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर (पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेला मुख्य लेखक) म्हणून आहे, ते मोजा. तो आकडा दोनशे निघाला तर चित्र वेगळे, आणि पंचवीस निघाला तर पुष्कळच वेगळे.

आता सायटेशन म्हणजे प्रभाव का, या मुद्द्याकडे येते. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्याचा उल्लेख तीन लाखांहून अधिक वेळा झाला आहे. लॉरींना स्वतःलाही तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या डीएनएच्या रचनेवरील निबंधाचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. याचा अर्थ लॉरींचे काम कमी प्रतीचे, असा मुळीच नाही. पद्धतीचा निबंध जो वापरतो तो उल्लेख करतो, आणि वापरणारे असंख्य असतात, एवढेच त्यातून कळते.

मी स्वतः या प्रकारच्या प्रभावाची ऋणी आहे. उसाच्या पानातून डीएनए काढणे वाटते तितके सोपे नसते. चिकट शर्करा आणि तपकिरी फिनॉल डीएनएबरोबरच खाली बसतात आणि हाती येतो तो गुळाच्या काकवीसारखा लगदा, ज्यावर पुढची कोणतीही प्रक्रिया चालत नाही. जेफ आणि जेन डॉइल यांनी १९८७ मध्ये ताज्या पानांसाठी सीटॅब या साबणासारख्या रसायनाची एक सुटसुटीत कृती प्रसिद्ध केली. त्यात मिठाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेले असते, त्यामुळे शर्करा विरघळलेल्या राहतात आणि डीएनए वेगळा होतो. ही कृती 'फायटोकेमिकल बुलेटिन' नावाच्या एका लहानशा पत्रिकेत छापली गेली होती. आज वनस्पतींवर काम करणाऱ्यांच्या निबंधांत तिचा उल्लेख हजारो वेळा सापडतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, पाहून निबंधाची पारख करणारा माणूस त्या बुलेटिनचे पान उलटायलाही थांबला नसता. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून एकेका निबंधाची किंवा संशोधकाची प्रत ठरवू नये, असे आवाहन करणारे सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र २०१२ च्या अखेरीस पेशी-जीवशास्त्रज्ञांच्याच संमेलनातून पुढे आले, हे मला फार उचित वाटते.

पण डॉइल यांच्या कृतीने माझा हात चालू झाला, माझा विचार बदलला नाही. विचार बदलणारा प्रभाव वेगळा असतो, आणि त्यासाठी मी आपल्याच भागातले एक उदाहरण घेते.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात नरक्या नावाचे लहानसे झाड आढळते. खोडाला आणि फुलांना उग्र दुर्गंध येतो, त्यावरूनच हे नाव पडले. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. मूळ द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडापासून वेगळे केले होते. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातून ते नरक्यातही असल्याचे दाखवले. कर्करोगाच्या पेशी या द्रव्याने मरत होत्या, परंतु रुग्णांवरच्या चाचण्यांत मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागल्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस त्या थांबल्या. ते पेशीत नेमके कशाला धरते, हे कोणालाच माहीत नव्हते.

याच सुमारास, १९७१ मध्ये, बर्कले येथील जेम्स वांग यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात ना कर्करोग होता, ना औषध. त्यांना पडलेला प्रश्न पिळाचा होता. दोन पदरांचा दोर दोन्ही टोकांना घट्ट बांधून मधेच पदर उलगडायला लागले, तर उलगडलेल्या जागेच्या पुढे पीळ वाढत जातो आणि शेवटी दोराला गाठी पडतात; गुरांचे दावे वळताना पाहिलेल्या कोणालाही हे समजेल. डीएनएची प्रत काढताना पेशीला त्याचे दोन पदर सतत उलगडावे लागतात, मग वाढलेला पीळ जातो कोठे? वांग यांना ई. कोलाय या जिवाणूत एक प्रथिन सापडले, जे डीएनएचा एक पदर क्षणभर तोडते, पीळ सुटू देते आणि तो पदर पुन्हा जोडते. त्यासाठी बाहेरून ऊर्जा लागत नाही, यावरून त्यांनी अनुमान काढले की तुटलेल्या पदराचे टोक त्या अवधीत प्रथिनालाच रासायनिक बंधाने जोडलेले राहत असावे. या प्रथिनाला त्यांनी ओमेगा असे नाव दिले. पुढच्याच वर्षी जेम्स शॅम्पू आणि रेनाटो डुलबेको यांना उंदराच्या पेशींत असेच काम करणारे प्रथिन आढळले. आज या सगळ्या प्रथिनांच्या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात.

या दोन वाटा १९८५ मध्ये एकत्र आल्या. लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या प्रथिनाला, ते पदर तोडून टोक हातात धरून उभे असतानाच, तेथे अडकवून ठेवते. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्या जागी येऊन आदळली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. १९८८ मध्ये यीस्टवरच्या प्रयोगांनी यावर शिक्कामोर्तब केले, कारण ज्या यीस्टमधून या प्रथिनाचे जनुक काढून टाकले त्यावर कॅम्प्टोथेसिनचा परिणाम होईना. थांबलेले संशोधन पुन्हा वेगाने सुरू झाले आणि १९९६ मध्ये टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही त्याच द्रव्यापासून घडवलेली औषधे अमेरिकेत मंजूर झाली. बेळगावातल्या रुग्णालयांतही मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटिकॅन दिले जाते, आणि ज्यांना ते मिळते त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल की तेच मूळ द्रव्य दहा-पंधरा कोसांवरच्या रानातल्या झाडात तयार होते.

आता १९७५ साली कोणी वांग यांचा १९७१ चा निबंध हातात घेऊन त्याचे सायटेशन मोजले असते, तर त्याला काय कळले असते? जिवाणूंच्या डीएनएवर काम करणाऱ्या मोजक्या लोकांना या कामात रस आहे, एवढेच. आणि आज मोजले तर आणखी वेगळीच अडचण येते. टोपोआयसोमरेज पाठ्यपुस्तकात गेले, त्यामुळे त्याचा उल्लेख करताना १९७१ चा मूळ निबंध सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. जी. एन. रामचंद्रन यांचेही असेच झाले. प्रथिनाच्या साखळीचे कोन कोणत्या मर्यादेत असू शकतात हे दाखवणारा त्यांचा, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबतचा १९६३ चा आलेख आज प्रथिनांची त्रिमितीय रचना तपासताना जगभर रोज वापरला जातो; 'रामचंद्रन प्लॉट' असे लिहिले जाते, मूळ निबंधाचा संदर्भ मात्र कितीतरी वेळा दिलाच जात नाही. ज्ञान सर्वांचे झाले की त्यावरचे नाव पुसट होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या गोष्टीची स्वतंत्र दखल घेतली आहे.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सायटेशनवर अन्याय करीन. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचा जिवाणू विष बाहेर सोडतो आणि त्या विषाने जुलाब होतात, हे १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले. देशात त्यांना जवळजवळ कोणी विचारले नाही. त्यांच्या निधनानंतर, १९८६ मध्ये, कॉलऱ्याच्या संशोधनात डे यांच्या निबंधांचे स्थान किती मध्यवर्ती होते, हे यूजीन गारफील्ड यांनी सायटेशनचा माग काढूनच दाखवून दिले. सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू करणारे ते हेच गारफील्ड. कोणाचे काम कोणी पुढे नेले, याचा नकाशा त्यांनी वाचला. सायटेशनचा उपयोग असा करायचा असतो.

म्हणून मी पुढे निवड समितीत बसताना एक रीत ठेवली आणि तीच आपल्याला सुचवते. त्या शास्त्रज्ञाचे, जिथे तो स्वतः मुख्य आहे असे, तीन निबंध निवडा. शक्यतो एक जुना, एक मधला आणि एक अलीकडचा. रिव्ह्यू निबंध त्यात घेऊ नका, कारण रिव्ह्यूमध्ये इतरांच्या कामाचा आढावा असतो आणि त्याला सायटेशन सहज मिळतात. मग गूगल स्कॉलरवर त्या निबंधाचा उल्लेख करणारी यादी उघडा, त्यातून त्याच प्रयोगशाळेचे निबंध वगळा आणि उरलेल्यांतले चार-पाच प्रत्यक्ष उघडून ज्या वाक्यात हा उल्लेख आला आहे ते वाक्य वाचा. बहुतेकदा ते प्रस्तावनेत असते, एका ओळीत सात-आठ संदर्भांच्या गर्दीत: 'या विषयावर बरेच काम झाले आहे'. हा उल्लेख नसता तरी त्या लेखकाचे काहीही बिघडले नसते. काही वेळा तो पद्धतीच्या भागात येतो, तेव्हा समजावे की साधन म्हणून उपयोग झाला. पण कधीकधी असे वाक्य सापडते की 'अमुक यांनी हे दाखवल्यामुळे आम्ही असे गृहीत धरले आणि तपासले', किंवा 'अमुक यांच्या निष्कर्षाशी आमचे निकाल जुळत नाहीत आणि त्याचे कारण बहुधा असे आहे'. अशा वाक्यासाठी मी थांबते. त्या दुसऱ्या लेखकाने आपला प्रयोग या कामामुळे आखला किंवा बदलला, हे त्यातून कळते. विरोध करणारे वाक्यसुद्धा मी प्रभावाच्या बाजूला धरते, कारण कोणीतरी ते काम इतके गांभीर्याने घेतले की स्वतः करून पाहिले.

हे शिकण्यासाठी मला किंमत मोजावी लागली, किंवा खरे सांगायचे तर माझ्या विद्यार्थिनीला मोजावी लागली. चिक्कोडीकडची एक अतिशय कष्टाळू मुलगी माझ्याकडे होती. उसाच्या एका जनुकाबद्दल दोनशेहून अधिक सायटेशन असलेला एक निबंध आम्ही पायाभूत धरला आणि त्यातला पहिला प्रयोग आमच्याकडे जसाच्या तसा करून पुढे जायचे ठरवले. नऊ महिने तो प्रयोग जुळला नाही. तिने रसायने बदलली, रोपे बदलली, सुट्टीच्या दिवशीही ती प्रयोगशाळेत असे, आणि आपल्याच हाताला वळण नाही असे तिला वाटू लागले. तेव्हा मी तो निबंध उद्धृत करणारे निबंध एकेक करून काढले. जवळजवळ सर्वांनी प्रस्तावनेत त्याचे नाव घेतले होते. तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, असे एकानेही लिहिलेले नव्हते. हे वाचन मी पहिल्या आठवड्यात करायला हवे होते. त्या मुलीचे जवळजवळ एक वर्ष माझ्या चुकीने गेले, आणि त्यानंतर माझ्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पायाभूत निबंध निवडण्याआधी असे वाचन करून त्याची वही मला दाखवायची, असा नियम मी केला.

रेणवीय जीवशास्त्रात प्रभावाचा आणखी एक माग असतो, जो सायटेशनमध्ये अर्धाच दिसतो: साहित्याचा. प्लाझ्मिड (जिवाणूतले डीएनएचे लहान कडे), जिवाणूंचे वाण, बियाणे, अँटीबॉडी. थॉमस ब्रॉक यांनी यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात राहणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचे वर्णन हडसन फ्रीझ यांच्यासोबत १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याचे वाण अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवले, म्हणजे कोणालाही मागवता यावे. त्या जिवाणूचे उष्णता सोसणारे डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत काढणारे प्रथिन, १९७६ मध्ये वेगळे केले गेले आणि १९८८ मध्ये ते पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीत, वापरात आले. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द चिक्कोडीपासून चंदगडपर्यंत घरोघरी पोहोचला, त्याच्या मुळाशी हा झरा आहे. ब्रॉक यांनी ते वाण स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवले असते, तर ही साखळी इतक्या सहज जुळली असती का, याचा मी अनेकदा विचार करते. म्हणून एखाद्या प्रयोगशाळेने आपले साहित्य किती जणांना दिले, हा प्रश्न मी आवर्जून विचारते.

एका धोक्याबद्दल सावध करणे माझे कर्तव्य आहे. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांमधल्या प्रतिमा तपासल्या तेव्हा ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेले आढळले. आमच्या क्षेत्रात निष्कर्ष पुष्कळदा जेलवर (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करण्याच्या थरावर) उमटलेल्या पट्ट्यांच्या चित्रावर उभा असतो, म्हणून हे गंभीर आहे. दोन्ही गाईडची नावे पबपीअर या, प्रसिद्ध निबंधांवरचे आक्षेप मांडले जातात त्या संकेतस्थळावर शोधून पाहा आणि एखादा निबंध मागे घेतला गेला आहे का, तेही पाहा. मागे घेतलेला प्रत्येक निबंध लबाडीचाच असतो असे नाही. स्वतःची चूक सापडल्यावर पुढे होऊन निबंध मागे घेणाऱ्या शास्त्रज्ञाबद्दल माझा आदर वाढतो. मात्र आक्षेपांना वर्षानुवर्षे उत्तरच दिलेले नसेल, तर तेथे जाऊ नये. तसेच २४० निबंध कोणत्या नियतकालिकांत आहेत ते नजरेखालून घाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आपल्याकडे फोफावली, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना आळा घालण्यासाठी केलेली केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात: आकडे एकाच ठिकाणचे घ्या, मुख्य लेखक असलेले निबंध वेगळे काढा, तीन निबंधांचे उल्लेख प्रत्यक्ष वाचा, साहित्य कोणाकोणाला गेले ते विचारा, आक्षेप तपासा. हे सगळे केल्यावर सरांचेच पारडे जड ठरेल, अशीही पूर्ण शक्यता आहे. मोठा आकडा असलेल्या कितीतरी शास्त्रज्ञांचे काम खरोखर तितकेच मोठे असते, आणि लहान आकड्यामागे थोर काम दडलेले असतेच असे नाही. मी या दोघांनाही ओळखत नाही, म्हणून निकाल देणार नाही.

आता बहिणीचा प्रश्न. तिला सीएसआयआर-यूजीसी नेटमधून स्वतःची जेआरएफ मिळाली असेल, तर ती फेलोशिप तिची असते आणि निवडीचे स्वातंत्र्य खूप वाढते. प्रोजेक्टच्या पैशावर जायचे असेल, तर प्रोजेक्ट किती वर्षांचा उरला आहे, हे एच-इंडेक्सपेक्षा महत्त्वाचे ठरते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे, तरी विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते विचारून घ्यावे. आणि गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावे काढावीत: किती वर्षांत पीएच.डी. झाली, मधेच किती जणांनी सोडले, पुढे ते काय करतात, त्यांच्या नावावर पहिल्या लेखकाचे निबंध आहेत का. ज्याच्या प्रयोगशाळेतून २४० निबंध निघाले पण विद्यार्थ्याला पहिले नाव क्वचित मिळाले, तेथे मी माझ्या घरच्या मुलीला पाठवणार नाही.

सीमाभागातल्या मुलांबद्दल एक गोष्ट अनुभवावरून लिहिते. आपली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि प्रयोगशाळेत इंग्रजी अशी तीन भाषांत वावरतात. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, गोवा, कोठेही गेली तरी पहिले वर्षभर ती गटासमोर प्रश्न विचारायला बिचकतात, आणि न विचारलेला प्रश्न प्रयोगात चूक होऊन बाहेर येतो. म्हणून जिथे लॅब मीटिंगमध्ये नवी मुलगी मोडक्या इंग्रजीत बोलली तरी सगळे थांबून ऐकतात, अशी जागा तिला लाभावी असे मला मनापासून वाटते. हे संकेतस्थळावर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी लॅब मीटिंगच्या दिवशी येऊन बसण्याची परवानगी तिने ईमेलने मागावी. बहुतेक गाईड ती देतात. मीटिंगनंतर एखाद्या वरिष्ठ विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारावे की तुमचा प्रयोग सहा महिने जमला नाही तेव्हा गाईडनी काय केले.

तिचा ओढा मॅडमकडे का आहे, हे तिला सांगता येत नाही असे आपण लिहिले आहे. कदाचित तिने त्यांचे एखादे व्याख्यान ऐकले असेल किंवा एखादा निबंध वाचला असेल आणि त्यातला प्रश्न तिच्या मनात राहिला असेल. तो प्रश्न कोणता, हे तिने आधी मराठीत चार ओळींत लिहून काढावे आणि वडिलांना वाचून दाखवावे. मग दोघांच्या तीन-तीन निबंधांचे उल्लेख वाचून, प्रत्येक निबंधामागे दोन अशी बारा वाक्ये वहीत उतरवावीत. व्यक्तींची नावे वगळून ती बारा वाक्ये आपण येथे लिहिलीत, तर कोणत्या वाक्यात मला काय दिसते, ते मी सविस्तर सांगेन.